जास्तीचा खुंट

पंखा अर्धा गिरका घेतो आणि थांबतो.
पुन्हा बटण. पुन्हा अर्धा गिरका.
नाव सांगायला कुणी तोंड उघडावं
आणि ते आठवूच नये, तसं.

मनोहर हेडाऊ स्टुलावर बसलेत, गुडघ्यावर दुपट्टा.
गोळीबार चौकातून सायकलच्या कॅरिअरवर
सुतळीनं बांधून आणलेला त्यांचा डबा
माझ्या टेबलावर पोट उघडून आडवा.
जुना बोर्ड गेला, कॅपॅसिटर फुगून.
नवा मीच बसवला दुपारी,
बर्डीचं डांबर चपलांना चिकटत होतं तेव्हा.
म्हणाले होते, अर्ध्या तासात घेऊन जाजा.
आता साडेआठ.

"काहून होत नाही वं पोरी?"
"पाहून राहिली न काका."

रॅम काढते. तिच्या सोनेरी दातांवर
खोडरबर फिरवते, फुंकते, बसवते.
अर्धा गिरका.
दुसरी रॅम, दुसरी खाच. अर्धा गिरका.
नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटं बाजूला ठेवते,
बोर्डाला सगळं विसरू देते.
कालपर्यंत खोक्यात होता तो.
विसरून विसरणार काय?
प्रोसेसरची चौकोनी वायर? लावलीय.
तरी उपसते, तरी लावते.
बीप तरी द्यावी त्यानं. एक लांब, दोन आखूड,
म्हणजे कुठं दुखतंय ते कळतं.
हा अवाक्षर काढत नाही.

काका कूलरच्या आवाजावरून बोलतात:
तीनशे बारा काठ आहेत त्यात. करवतीचेच साठ.
ग्राफच्या कागदावरून एकेक घर मोजून चढवलेले,
डोळ्यात मोती उतरायच्या आधी.
"आणि कॉपी?" मी विचारते.
ते कूलरकडे बघतात.
पाणी संपलंय त्यातलं. खसाचा वास तेवढा उरलाय.

मग सगळंच बाहेर काढते.
बोर्ड त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर,
डब्याबाहेर, उघड्यावर.
पेचकसाचं टोक दोन पिनांना टेकवते.
फिरला.
फिरतच राहिला.
टिक्, एक आखूड बीप,
आणि काका स्टुलासकट पुढं सरकले.

डब्यात परत: अर्धा गिरका.

म्हणजे बोर्ड नाही. रॅम नाही. डबा.
मोबाइलचा टॉर्च आत धरते, मान वाकडी करून.
पत्र्यावर नऊ पितळी खुंट. नव्या बोर्डाला भोकं सहा.
उरलेल्यांतले दोन बाहेर उभे, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
तिसरा बरोबर बोर्डाच्या पाठीखाली,
डागाच्या टोकांना टेकलेला.
जिथं जुन्याचा स्क्रू होता तिथंच.
कुणी हललाच नव्हता तो.
पक्कडीनं पिळते, निघत नाही.
सात वर्षांपूर्वी, या दुकानातल्या पहिल्या महिन्यात,
कुणीतरी जीव खाऊन घट्ट केलाय.
माझीच सवय ती. अजून आहे.

निघाला एकदाचा.
बटण. पंखा. बीप.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत:
सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.
काकांचा चेहरा मी बघत नाही.
"आहे काका, डिस्क आहे. काठ आहेत.
हा नवीन दारानं बोलवून राहिला तिला,
तिला जुनंच दार माहीत."
सेटिंगमध्ये जाते, जुनी पद्धत चालू करते,
सेव्ह, आणि श्वास धरून बसते.

तेच निळं वॉलपेपर. तारीख भलतीच, एक जानेवारी.
तारखेकडं कोण बघतंय.
काका एक काठ उघडतात, मोठा करतात, अजून मोठा,
नाक पडद्याला लावून ओठातल्या ओठात घरं मोजतात.
चौदा, पंधरा. मान हलवतात.

मी न विचारता पेनड्राइव्ह लावते.
ते टेबलावरचा खुंट चिमटीत धरून उजेडात बघतात.
"हा नेऊ का मी?
मागाले कुठंतरी बसन."

अकरा टक्के झालंय.
मी खाली जाऊन कूलरसाठी बादली भरून आणते.